तुमच्या गावापासून डॉक्टर किती मिनिटांवर आहे? (किलोमीटर नकोत, आषाढातली मिनिटं सांगा)

जलाशयापल्याड

माझं आजोळ कांदाटी खोऱ्यात. तालुका महाबळेश्वर, पण मध्ये शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पसरलेला, त्यामुळे आमचा रस्ता म्हणजे पाणी. लाँच मिळाली तर तापोळा, तिथून घाट चढून महाबळेश्वर, नाहीतर बामणोलीला उतरून कासवरून सातारा.

गेल्या आषाढात मोठ्या मामांच्या छातीत पहाटे कळ आली. फोनला रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर. मामेभाऊ पावसात वर गेला आणि त्याने लाँचवाल्याला फोन लावला. वारा एवढा होता की उजाडल्याशिवाय लाँच सोडता येईना. तोवर मामांना घोंगडीच्या झोळीत घालून चौघांनी धक्क्यापर्यंत आणलं, निसरड्यावर दोनदा खाली ठेवावं लागलं. पलीकडे जीप, मग घाटात धुकं. दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा घर सोडून साडेपाच तास झाले होते.

मामा वाचले. पण हृदयाचा खालचा भाग कमजोर झालाय, आता नाचणीच्या वावरापर्यंत चढवत नाही त्यांना. मला लागलं ते वेगळंच. केसपेपरवर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'पेशंट उशिरा आणला.' आम्ही उशिरा निघालो नव्हतो हो. कळ आल्यापासून दहाव्या मिनिटाला मामा झोळीत होते.

तेव्हापासून हाच विचार डोक्यात आहे. उपकेंद्र सपाटीवर ५,००० माणसांमागे एक आणि डोंगरी भागात ३,००० मागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० किंवा २०,००० मागे. म्हणजे मोजणी डोक्यांची. आमच्या खोऱ्यात वाडीत कुठे चाळीस उंबरे, कुठे वीस, ३,००० डोकी जमवायची तर किती डोंगर ओलांडावे लागतील? मला वाटतं, मोजायला हवीत मिनिटं, आणि तीही पावसाळ्यातली. तुमच्या गावाची सांगाल का?

मोरणाकाठ

पाटण तालुका, डोंगरातली वाडी. उन्हाळ्यात ५० मिनिटं. जुलैत सांगता येत नाही. २०२१ च्या जुलैत आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याला दरडी आल्या तेव्हा आमच्याकडची माणसं चिखलातून चालत गेली होती, कारण रस्ता कुठे होता तेच दिसत नव्हतं. त्या आठवड्यात आमच्या शेजारच्या काकूंच्या साखरेच्या गोळ्या संपल्या. दरड सगळ्यांना दिसली, संपलेल्या गोळ्या कुणाला दिसल्या नाहीत.

मिरजवाला

आमची मिनिटं सांगायला लाज वाटते. घरातून चालत ६. एका गल्लीत हाडांचा, पुढच्या गल्लीत डोळ्यांचा, कोपऱ्यावर हृदयाचा. मिरजेत सतार घ्यायला आलेला माणूस गुडघा दाखवूनच जातो, असं आमचे आजोबा म्हणायचे.

पण हे आपोआप झालेलं नाही. सर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि मिरज हे रेल्वेचं जंक्शन. बेळगाव, विजापूर, सोलापूर, कोकण, गोवा, कुठूनही माणूस गाडीत बसला की मिरजेला उतरणार. पुढे १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं. रुळाच्या कडेला दवाखाना वाढला आणि दवाखान्याच्या कडेला शहर. तुमच्या खोऱ्यात धरण आलं आणि वाट पाण्याखाली गेली. दोन्ही गोष्टी माणसांनीच केलेल्या.

माणदेशी

आमच्याकडं आषाढ म्हंजे नुसता वारा. सातारा जिल्हा येकच, पर महाबळेश्वराला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्या म्हसवडाकडं पाचशेच्या आसपास. मधलं अंतर सव्वाशे किलोमीटर. त्यामुळं आमचा रस्ता काय वाहून जात न्हाई. दवाखाना ४० मिनिटांवर हाय.

पर आमचं दुखणं निराळं. निम्मी माणसं गावातच नसत्यात. मेंढरं घेऊन गेलेली न्हाईतर ऊस तोडायला. माझ्या भावजयीच्या धाकट्याचं दीड वर्सांचं लसीकरण असंच राहिलं. गावातल्या आशाताई घरी आल्या तवा पोरगं फडावर, आणि फडाच्या गावातल्या यादीत त्येचं नावच न्हाई. आता सांगा, त्या पोराचा डॉक्टर किती मिनिटांवर हुता?

जलाशयापल्याड

@माणदेशी, दादा, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी गाव जागेवर आहे असं धरून चालले होते.

ऊसपट्टा

सगळ्यांचं दुःख समजतं, तरी स्पष्ट बोलतो. चाळीस उंबऱ्यांसाठी डॉक्टर, नर्स, औषधं, इमारत हे कोणत्याच सरकारला परवडणार नाही. आणि बांधलं तरी तिथे राहणार कोण? त्यापेक्षा त्या माणसांना खाली रस्त्याला आणा, घरं द्या. आमच्या वाळव्याकडे या, हायवे जवळ, कराड-इस्लामपूर-सांगली सगळं हाताशी. दरवर्षी झोळ्या उचलण्यापेक्षा एकदाच काय ते करा.

जलाशयापल्याड

@ऊसपट्टा, रागावत नाही, पण हे ऐकून आजी काय म्हणाली असती ते सांगते. १९६० च्या दशकात कोयनेचं पाणी चढलं तेव्हा तिचं घर आणि भातखाचरं खाली गेली. गावातले काही पुनर्वसनात लांब गेले, बाकीचे चार कासरे वर सरकले. एकदा उठलो, असं म्हणायची ती. त्या पाण्याची वीज सगळ्यांनी वापरली, तुमच्या उसाच्या मोटारीही त्यावर चालल्या असतील. आता त्याच माणसांना दवाखाना हवा तर पुन्हा उठा, हे मला पटत नाही.

ऊसपट्टा

हे मला माहीत नव्हतं. 'एकदाच काय ते' हे शब्द मागे घेतो. खर्चाचा प्रश्न मात्र उरतोच.

उपकेंद्रातली_ताई

मी जावळी भागात एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) होते, आता बदली झाली. खर्चाच्या प्रश्नावर माझ्या वहीतलं सांगते.

मे महिन्यात मी एक यादी काढायची. जून ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या बाया कोण, कितवं बाळंतपण, हिमोग्लोबिन किती, आधीचं सीझर आहे का. मग एकेकीच्या घरी जाऊन बसायचं आणि विचारायचं, साताऱ्यात कोण आहे तुमचं? मेढ्यात? वाईत? बहीण, नणंद, भाड्याची खोली घेऊन शिकणारा दीर, कोणीही. आठव्या महिन्याच्या शेवटी तिला तिकडे पोचतं करायचं. ज्यांचं खाली कोणी होतं त्यांची बाळंतपणं नीट झाली. ज्यांचं कोणी नव्हतं त्यांच्यासाठी रात्र रात्र माझा जीव टांगणीला.

नंदुरबार-गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात 'माहेरघर' आहे. दिवस भरत आले की बाई आरोग्य केंद्राच्या आवारातल्या खोलीत येऊन राहते, सोबत घरचं एक माणूस. आपल्या जलाशयाकाठच्या बायांना तसं काही का नको? बामणोलीत किंवा तापोळ्यात दोन खोल्या आणि एक चूल पुरेल. प्रत्येक वाडीत दवाखाना बांधायला मी कधीच सांगितलं नाही. बाईला पाण्याच्या अलीकडे वेळेत आणायचं, एवढंच.

आणि एक. अंतर ऋतूगणिक बदलतं. श्रावणात लाँच घराच्या पायरीला लागते. मेमध्ये पाणी उतरतं, तेव्हा त्याच घरापासून लाँचपर्यंत गाळातून अर्धा तास चालावं लागतं. पोटुशी बाई, उन्हात. नकाशावर ते अंतर शून्य दिसतं.

मोरणाकाठ

ताई, ती वही तुमच्या जागी आलेल्या बाईंना दिलीत ना?

उपकेंद्रातली_ताई

दिली. झेरॉक्स माझ्याकडे ठेवली.

नकाशावेडा

मूळ मुद्द्याला धरून. मिनिटं मोजायची कल्पना सरकारी कागदात आधीपासून आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात 'टाइम टू केअर' असा निकष आहे: वस्तीपासून अर्ध्या तासाच्या चालीत उपकेंद्र. पण तो निवडक डोंगरी आणि वाळवंटी जिल्ह्यांसाठी. एकाच जिल्ह्यात कास, कराड आणि म्हसवड असेल तर 'जिल्हा' हे मापच चुकतं. साताऱ्याची सरासरी काढली की हायवेवरचं कराड कांदाटीला झाकून टाकतं.

शिवाय तालुक्याची हद्द आणि पायवाट यांचं जमत नाही. शिंदी, वळवण, चकदेव ही गावं कागदावर साताऱ्यात, पण रघुवीर घाट उतरला की रत्नागिरीतलं खेड. चकदेवची माणसं तर शिडीच्या वाटेने कोकणात उतरत आलीत. आजारी माणूस उताराकडे जातो. त्याची नोंद, त्याची आशा, त्याची रुग्णवाहिका मात्र घाटमाथ्याच्या या बाजूला.

जतपूर्व

हेच आमचं. उमदीकडून सांगली गाठायची तर अर्धा दिवस जातो. आमची माणसं विजापूरला जातात, आता विजयपूर म्हणायचं. आमच्या म्हाताऱ्यांना कन्नड येतंच, डॉक्टरशी बोलायला अडत नाही. पण तिथले कागद घेऊन सांगलीला आलं की इथला डॉक्टर म्हणतो, हे वाचता येत नाही, सगळ्या तपासण्या परत करा. माझ्या चुलत्याचं रक्त आठवड्यात तीनदा काढलं.

आटपाडीची_माहेरवाशीण

थोडं अवांतर. आमच्याकडे घरटी एकाला मुतखडा. सासरी कराडला आल्यावर नळाचं पाणी पिते, मला काही त्रास नाही. माहेरी बोअरचं जड पाणी, भांड्याला पांढरा थर बसतो. तोच थर मूत्रपिंडात बसत असणार ना? की इथल्या डॉक्टरांचं काही वेगळं मत आहे?

डॉ_वाळवा

ताई, भांड्यातला थर बघून असं वाटणं साहजिक आहे, पण पाण्याच्या जडपणाचा आणि खड्याचा संबंध फार पक्का नाही. मोठं कारण पाणी कमी पिणं. तुमच्या माहेरी उन्हातान्हात डाळिंबाच्या बागेत काम, घामाने अंगातलं पाणी जातं आणि प्यायला एक कळशी लांबून आणलेली, मग माणूस पुरवून पुरवून पितो. लघवी घट्ट होते आणि खडा धरतो. भूगोल आहेच त्यात, फक्त तो दगडापेक्षा उन्हाचा आहे. लघवी फिकट, स्वच्छ होईल इतकं पाणी प्यायला सांगा. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आहे त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारून.

आता मूळ लेखाबद्दल. मामांच्या केसपेपरवरची ओळ वाचून वाईट वाटलं, कारण तसं मीही लिहिलेलं आहे. आम्ही घड्याळ दाराशी सुरू करतो. हृदयाच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर, तितका जास्त स्नायू वाचतो. बारा तासांपर्यंत उपयोग असतो, पण पहिल्या एक-दोन तासांतला फायदा पुढे मिळत नाही. ईसीजी काढून फोनवर तज्ज्ञाला दाखवायचा आणि इंजेक्शन जवळच्या केंद्रातच द्यायचं, हे आज होऊ शकतं. म्हणजे मिनिटं कापायची तर रस्ता हा एकच उपाय नाही, उपचार वर सरकवणं हाही आहे.

सर्पदंशाचंही तसंच. आमच्या उसात घोणस. चावली की सुजतं, रक्त गोठत नाही, किडनीवर जातं. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला. दात दिसत नाही, दुखत नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या मिटायला लागतात. घरचे म्हणतात पित्त झालं. प्रतिविष प्राथमिक केंद्रात असतं. पण रिअ‍ॅक्शनच्या भीतीने तिथे न देता 'पुढे न्या' म्हणणं सर्रास चालतं, आणि त्या 'पुढे'मध्ये तास जातो. दंश झाला की न बांधता, न कापता, हात-पाय हलू न देता सरळ केंद्र गाठा आणि तिथेच पहिला डोस मागा. आणि पावसाळ्यात खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचून.

माणदेशी

डाक्टर, आता जिहे-कठापूर, उरमोडीचं पाणी यायला लागल्यापासनं आमच्याकडं बी ऊस दिसायला लागलाय. मंजी घोणस बी येणार. आशाताईंना सांगून ठेवतो.

पाचगणीचा_पक्षी

भूगोल म्हणजे नेहमी अडथळाच असतो असं नाही. आमची पाचगणी हवेसाठीच वसली. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये इथे क्षयाचं सॅनेटोरियम काढलं. मिरजेजवळची वानलेसवाडीही क्षयरुग्णांमुळेच. तेव्हा औषध नव्हतं, कोरडी हवा, दूध-अंडी आणि विश्रांती हाच उपचार. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आलं, मग पुढची औषधं, आणि डोंगरावर जायचं कारणच संपलं. औषध गावात मिळायला लागलं की पेशंटला प्रवास उरत नाही. मला वाटतं डॉक्टर तेच सांगतायत.

कृष्णामाईचा

सगळे डोंगराचं बोलताय, सपाटीचंही ऐका. पलूस तालुका, नदीकाठ. एरवी सांगली ४५ मिनिटं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमचं गाव बेट झालं. तात्यांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, मंगळवार-शुक्रवार. शुक्रवारी सकाळी रस्त्यावर छातीभर पाणी. आदल्याच दिवशी ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली होती, त्यामुळे तात्या बोटीत पाय टाकेनात. 'मेलो तर घरात मरू दे,' म्हणायला लागले. माझी आई त्यांच्याशी पाऊण तास भांडली. शेवटी जवानांच्या बोटीतून निघालो, मग ट्रॅक्टर, मग विट्यावरून कराड. डायलिसिस झालं रविवारी. तोवर पाय खांबासारखे सुजलेले, झोपलं की दम लागायचा.

पाणी ओसरल्यावर दुसरं सुरू झालं. चिखलात उतरलेल्या पोरांना ताप, लेप्टोच्या (उंदरांच्या मुतामुळे पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाच्या) भीतीने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, विहिरीत ब्लीचिंग. २०२१ ला पाणी पुन्हा आलं तेव्हा आम्ही तात्यांना चार दिवस आधीच मावशीकडे विट्याला हलवलं. कोयनेचा विसर्ग किती सोडला ते मी आता जूनपासून रोज बघतो. जनावरं कधी हलवायची ते गाव ठरवतं, तसं डायलिसिसवाले, ऑक्सिजनवाले, नवव्या महिन्यातल्या बाया कधी हलवायच्या तेही गावाने ठरवायला पाहिजे. उपकेंद्रातल्या ताईंची वही वाचली तेव्हा हेच मनात आलं.

जलाशयापल्याड

@कृष्णामाईचा, तुमच्याकडे येतं ते पाणी आमच्या दारातलंच. तात्या कसे आहेत?

कृष्णामाईचा

गेल्या वर्षी गेले. घरीच, शांतपणे, भर उन्हाळ्यात. रस्ता मोकळा होता.

मोरणाकाठ

🙏

मिरजवाला

🙏 मुक्कामाची अडचण आली तर सांगत जा. मिरजेत पेशंटच्या नातेवाइकांना परवडेल अशी जागा मिळवणं हे ऑपरेशनपेक्षा अवघड होऊन बसतं. आमचा वरचा मजला रिकामा आहे, दोन माणसांची सोय नक्की होते. व्यनि (खासगी निरोप) करा.

ऊसपट्टा

१०८ बद्दल कोणीच कसं बोललं नाही? २०१४ पासून आहे, फोन केला की येते. आमच्याकडे वीस मिनिटांत आली होती.

जलाशयापल्याड

गाडी चांगली आहे, माणसंही चांगली आहेत. पण ती पाण्याच्या पलीकडे उभी राहते. तिची वीस मिनिटं आमच्या चार तासांनंतर सुरू होतात.

ऊसपट्टा

खरंय. मग तुम्हीच सांगा, खोऱ्यासाठी तीन गोष्टी मागायच्या तर कोणत्या? मी कारखान्याच्या कामानिमित्त जिल्हा परिषदेत जातो, कागद नेऊन देईन.

जलाशयापल्याड

तीन? विचार करून लिहिते. पहिली, पावसाळ्यात रात्रीसुद्धा निघू शकेल अशी एक बंदिस्त, भक्कम लाँच आणि तिचा पगारी चालक, जो त्याच काठावर राहतो. दुसरी, ताईंनी सांगितलेल्या दोन खोल्या. तिसरी, देवळामागच्या टेकाडावरची रेंज घरात. ईसीजी फोनवर पाठवायचा तर आधी फोन लागला पाहिजे.

तापोळ्याकडे पुलाचं काम चाललंय, तो झाला की बराच भाग जवळ येईल. पण पुलापर्यंत झोळी लागणार आहे अशा वाड्या तरीही उरतील.

डॉ_वाळवा

चौथी माझी. केसपेपरवर 'कळ कधी आली' आणि 'घरून कधी निघाले' असे दोन रकाने. माझ्या दवाखान्यात सोमवारपासून सुरू करतो.

नकाशावेडा

कागद नेणारच असाल तर आकडे हवेत. मी एक साधा तक्ता केलाय: गाव/वाडी, उन्हाळ्यात मिनिटं, पावसाळ्यात मिनिटं, वाटेत काय बदलावं लागतं (पायी, झोळी, लाँच, जीप). ज्याने त्याने आपलं भरा. ऐकीव नको, स्वतः केलेला प्रवासच लिहा.

जतपूर्व

त्यात 'रात्री' असा एक रकाना घाला.

नकाशावेडा

घातला. तुमच्यापासून सुरुवात करू, सांगा.

जतपूर्व

उमदीच्या पुढची वस्ती. ऋतू कुठलाही, दिवसा ५५. रात्री, जीपवाला वस्तीवर मुक्कामाला असेल तर ७०. नसेल तर सकाळी सहाची एसटी.